बसल्या जागचे शौर्य

जीव धोक्यात घातल्याशिवाय शौर्य नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग जमिनीवर बसून विमान उडवणाऱ्या वैमानिकाला काय म्हणायचे? पडला तर खुर्चीवरूनच पडणार!

१९७३ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड्सच्या तळावर नासाने एफ-१५ या लढाऊ विमानाची तीन-अष्टमांश आकाराची प्रतिकृती उडवून पाहिली. विमान मुद्दाम गिरक्या खात खाली आणायचे, तर आत माणूस कशाला कोंबा? बी-५२ च्या पंखाखाली टांगून ते वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. आइनार एनेव्होल्डसन नावाच्या कसलेल्या वैमानिकाने खाली खोलीत बसून टीव्हीचा पडदा आणि काटे बघत ते हाकायचे. गंमत म्हणजे, याच्या छातीत आकाशापेक्षा या खुर्चीतच जास्त धडधडे!

एक कारण उघड आहे. विमानातली खुर्ची हादरून सांगते, "बाबा रे, काहीतरी बिघडतंय." इथली खुर्ची आपली मख्ख!

पण मला वाटते, आणखीही एक कारण असावे. मरणाची भीती असली, की माणसाला इतर भीत्यांना सवड नसते. ती गेली, की उरते दहा जणांच्या मेहनतीची भीती. वाटोळे झाले, तर उद्या त्यांना तोंड दाखवायला आपण शिल्लक असणार ना! रात्रीच्या गाडीत मुलगा घोरत असतो. जागी असते ती घरातली आई.

शूर कोण, ते तुम्हीच ठरवा. मी मात्र यापुढे कुणालाही "तुमचं काय जातंय बसल्या जागी?" म्हणण्याआधी त्याची नाडी बघणार आहे.