तक्रारदाराला तांत्रिक ज्ञान नाही

मामाने पहिल्या दोन पानांवर सह्या केल्या आणि तिसऱ्या पानावर पेन अडलं.

“हे काय लिहिलंयस? ‘तक्रारदार हे सामान्य ग्राहक असून त्यांना वातानुकूलन यंत्राच्या जोडणीबाबत कोणतेही तांत्रिक ज्ञान नाही.’”

“साचा आहे तो, मामा. प्रत्येक तक्रारीत असतो.”

“असेल. पण मी चौतीस वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काढली. शेवटची अकरा इन्स्पेक्शनला. मला नट आवळायचं ज्ञान नाही?”

मे महिन्यातली दुपार. उल्हासनगर, पाच नंबर. बराक पाडून उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मामाचं घर आहे. गावाला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, पण लष्करी छावणीचा कॅम्प काही लोकांच्या जिभेवरून उतरला नाही, आणि मामाच्या पत्त्यात अजून बराकीचा नंबर लिहावा लागतो. भिंतीवर दीड टनाचा एसी, तासाभरापूर्वी बंद केलेला. खाली निळी बादली, ती मात्र ड्यूटीवर.

प्रकरण थोडक्यात असं. मागच्या एप्रिलमध्ये एसी बसवला. तेरा महिन्यांत तीनदा गॅस भरला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; बंद नळीतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे त्याला कुठेतरी वाट सापडली. गॅस कमी झाला की आतला दाब उतरतो, कॉइल शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ चढतो आणि तो वितळून भिंतीवरून ओघळतो. गंमत अशी, की एसीचा टन हे माप मुळात बर्फाचंच आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खेचणारं यंत्र एक टनाचं. मामाचा एसी तेच गणित उलटं करून दाखवत होता.

पहिल्या दोन वेळा गॅस जोडावरून गेला. साबणाचा फेस लावला तेव्हा पितळी नटाच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू हरभऱ्याएवढा झाला, फुटला, परत त्याच जागी फुगू लागला. मामीने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय, तो माझा सगळ्यात चांगला पुरावा. तिसऱ्या वेळी मात्र गळती कॉइलमध्येच निघाली. दुकानदार म्हणाला, पहिल्या दोन आमच्या, ही वालधुनी नदीची.

“साचा बदलते,” मी म्हटलं. “वाक्य काढून टाकते. कर सही.”

“काढलंस तरी ते खोटंच राहतं. न लिहिलेलं खोटं.”

“काय खोटं? त्यांनी काम वाईट केलं की नाही?”

“केलं. पण मी समोर होतो. नुसता समोर नाही, पाइप धरून उभा होतो. त्या पोराने पाइप कापला, आतला बर, कापल्यावर राहते ती धारदार कड, काढलाच नाही, तसंच तोंड फुलवलं. कडेला केसाएवढी चीर गेली. माझ्या नखाला लागली ती.” मामाने अंगठ्याचं नख वर करून दाखवलं, जणू चीर अजून तिथे होती. “मग आवळला नट. पाव इंची नटाला पंधरा-सोळा न्यूटन मीटर पुष्कळ झालं. हा पान्यावर लटकलाच. तांबं मऊ असतं गं, दबतं, पातळ होतं, आणि मग सोडतं.”

“व्हॅक्यूम केला होता?”

“पंप आणलाच नव्हता. आतली हवा ओढून घ्यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. याने नट ढिला करून थोडा गॅस फुस्स करून सोडला. म्हणे, हवा निघून गेली.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, चहा घेतोस का.”

मामी आतून हसली. मला हसू आलं नाही, कारण माझी केस डोळ्यांदेखत पातळ होत चालली होती.

बदलापूरहून ठाण्याला रोज लोकलने जाऊन वकिली करणाऱ्या माणसाला अशिलाचा प्रामाणिकपणा ही अडचण क्वचित येते. मी त्याला कायदा समजावला. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही. राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे ठाण्यात. मुदत दोन वर्षांची, ती आहे अजून. आणि मुख्य म्हणजे कामावर देखरेख करणं ग्राहकाचं काम नव्हे. पैसे मोजले, काम नीट व्हायला हवं. ग्राहक इंजिनिअर असो की भाजीवाला.

“म्हणजे मला कळत होतं की नव्हतं, याने काही फरक पडत नाही?”

“त्यांचा वकील पाडायचा प्रयत्न करील. म्हणून तर ते वाक्य.”

“मी वकिलाचं विचारत नाहीये.”

इथे मी जरा चिडले. म्हटलं, मामा, हा तुझा जुना रोग आहे. स्वतःच्या चुका मोजत बसायचं आणि तेवढ्यात समोरचा सटकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या मुद्दाम वाढवलीय. निष्काळजीपणा तर आहेच, पण ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवली, तर तीसुद्धा त्रुटी. दुकानदाराला माहीत होतं की वालधुनीच्या काठाला तांबं टिकत नाही. विकताना बोलला का? कॉइलला लेप दिलेलं मॉडेल घ्या म्हणाला का? नाही. दडवलं.

मामाने चष्मा काढला. “परत वाच ते. दडवण्याचं.”

मी परत सांगितलं.

“मग मीही तेच केलं ना? मला माहीत होतं ते मी त्या पोराला सांगितलं नाही. जाणूनबुजून.”

“कायदा ते ग्राहकाला लावत नाही.”

“ते कळलं. तू सांग, का लावत नाही?”

उत्तर माझ्याकडे होतं, पुस्तकातलं: दोन बाजूंची ताकद सारखी नसते, म्हणून कायदा कमजोर बाजूकडे झुकतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती याच समजातून, आणि १९८६ चा कायदाही त्याच वाटेने आला. दुकानदाराला कळतं, ग्राहकाला कळत नाही, हे सगळ्या इमारतीच्या पायातलं गृहीतक. पण त्या एप्रिलच्या दुपारी या खोलीत कळणारा कोण होता? पान्यावर लटकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, की पाइप धरून उभा असलेला इन्स्पेक्टर?

“का नाही बोललास पण?” मी विचारलं, वकील म्हणून नव्हे.

“उकडत होतं. तुझ्या मामीला दोन रात्री झोप नव्हती. त्याला परत पाठवला असता तर चार दिवस गेले असते.” थोडं थांबून म्हणाला, “हे एक. दुसरं म्हणजे, त्याला संध्याकाळपर्यंत अजून तीन फिटिंग होत्या. फिटिंगमागे पैसे. मी अप्रेंटिस असताना एका साहेबाने माझा जॉब सगळ्यांसमोर भंगारात फेकला होता. त्याचा आवाज अजून ऐकू येतो. म्हटलं, कशाला पोराला.”

“म्हणजे दया आली.”

“दया की आळस, तेच तर सांगता येत नाही. दोन्हींची तोंडं त्या वेळी सारखीच दिसतात.”

मामी बाहेर आली, बादलीत डोकावली आणि उंबऱ्यात बसत म्हणाली, “एकदा बोलले होते हो. चांगले ओरडले होते.”

ते खरं होतं. पोराने पाइपसाठी भोक पाडायला मशीन लावलं ते थेट बीमच्या खाली. तेव्हा मामा ताडकन उठून म्हणाला होता, तिथे नाही, हातभर बाजूला घे. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. तेव्हापासून इथे कुणी भिंतीत खिळा ठोकला तरी वरचा-खालचा शेजारी दार उघडून बघतो. पोराने मुकाट्याने मशीन बाजूला घेतलं. उलट थँक्यू अंकल म्हणाला.

“बघ,” मामा म्हणाला, “तिथे मला त्याची दया आली नाही. स्लॅब माझ्या डोक्यावर होता.”

यावर काय बोलायचं मला सुचेना. मी दुसरीकडून सुरुवात केली. हम्मुराबीच्या संहितेत, पावणेचार हजार वर्षांपूर्वी, २३३ वं कलम आहे: गवंड्याने बांधलेली भिंत कलली, तर त्याने ती स्वतःच्या चांदीतून पक्की करून द्यावी. घरमालक तेव्हा शेजारी उभा होता का, त्याला कळत होतं का, असलं काही त्यात नाही. कारण एकदा ते विचारायला लागलं, की कुणीच पूर्ण दोषी उरत नाही. पोरगा म्हणेल, मला कुणी शिकवलंच नाही. दुकानदार म्हणेल, गिऱ्हाईक दोनशे रुपयांसाठी दुसऱ्या दुकानात जातं, व्हॅक्यूमची वीस-पंचवीस मिनिटं मला कोण देणार. कंपनी म्हणेल, तुमच्या नदीला वॉरंटी नाही.

“नदीचं तर खरंच आहे,” मामी म्हणाली. “निरांजन घासून ठेवलं की पंधरा दिवसांत काळं. सासूबाईंच्या वेळी पाडव्याला घासलं की दसऱ्यापर्यंत चालायचं.”

वालधुनी इथून फार लांब नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून वाहत येते. ते मंदिर शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ चं, म्हणजे १०६०. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि भर मे महिन्यात तिथे दगडाला पाठ टेकली की उठावंसं वाटत नाही. मामा लहानपणी परीक्षेचा अभ्यास तिथे करायचा. तीच नदी पुढे कारखान्यांचं, गटारांचं आणि एकेकाळी जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणी पोटात घेत इथे येते. सांडपाणी सडलं की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो, तो चांदीला काळं करतो आणि तांब्याला खातो. २०१४ साली कुणीतरी टँकरभर रसायन नदीत सोडलं तेव्हा शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. पुढे हरित लवादापर्यंत प्रकरणं गेली, धुण्याचे पुष्कळ कारखाने बंद पडले. एसीवाल्याचं म्हणणं म्हणून नुसती सबब नव्हती.

“आठ वर्षं मी घरी जीन्सचे धागे कापले,” मामी म्हणाली. “नगावर पैसे. त्याच पँटी धुवायला जायच्या. म्हणजे कॉइल मीच खाल्ली म्हण.”

“हेच म्हणतेय मी!” माझा आवाज चढला. “असं वाटत गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतं आणि भरपाई द्यायला कुणीच उरत नाही. मामा, दोष वाटता येतो, पण बिल कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं. कायदा तेवढंच करतो.”

मामाने मान हलवली. “ते पटतं मला. दुकानदाराने पैसे द्यावेत. दोन वेळच्या गॅसचे, फिटिंगचे, भिंतीच्या रंगाचे. त्यात मी माघार घेत नाही. माझा वाटा आहे म्हणून त्याचा कमी होत नाही, हे कळतं मला.”

“मग?”

“मग हे, की त्याचा वाटा लिहायला तुझ्याकडे चौदा पानं आहेत. माझा कुठे लिहायचा?”

“आयोगात त्याला जागा नाही.”

“फॅक्टरीत होती. नाकारलेल्या मालावर मशीनवाल्याचा नंबर असायचा, तसा पास झालेल्यावर इन्स्पेक्टरचा शिक्का. पुढे माल फेल गेला की पहिलं विचारायचे, शिक्का कुणाचा. त्या पोराच्या जॉबवर मी शिक्का मारला. गप्प बसून मारला.” मग एकदम त्याने कागद चाळले. “त्याचं नाव कुठाय यात?”

“कुणाचं?”

“पोराचं.”

नव्हतं. पावतीवर दुकानाचं नाव, शिक्का, एसीचा नंबर, ‘इन्स्टॉलेशन डन’. सामनेवाले क्रमांक एक दुकानदार, क्रमांक दोन कंपनी. पोरगा कुठेच नाही, आणि वकील म्हणून मला ते ठीकच वाटत होतं. त्याच्याकडून काय वसूल होणार?

“वसूल नाही गं करायचं. तेरा महिने झाले. दिवसाला चार फिटिंग धरल्या तर किती घरं झाली? सगळ्यांत तोच बर, तीच चीर. मी तेव्हा दोन मिनिटं घेतली असती, पाइप असा धर, बर असा काढ, तर ती घरं वाचली असती. त्यांचं कुठल्या आयोगात जाऊ?”

मी हिशेब केला नाही. मामाने मनात केला असावा, कारण तो बराच वेळ बोटांशी चाळा करत बसला. मग पेन उचलून त्याने ते वाक्य स्वतःच खोडलं आणि वर बारीक, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असतात तशा अक्षरांत लिहिलं: ‘तक्रारदार जोडणीच्या वेळी हजर होते व काम सदोष होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते.’

“हे मी दाखल करणार नाही,” मी म्हटलं.

“का? खोटं आहे?”

“खरं आहे म्हणूनच.”

“मग ते वाक्य सोडून बाकीचं टाइप कर. आणि दुकानदाराला नोटीस जाईल तेव्हा खाली एक ओळ घाल. पोराला पाठवा म्हणावं. जोड नव्याने करायचाय, तो त्यानेच करावा. पंप घेऊन ये म्हणावं. मी असेन समोर.”

“नोटिशीत असं लिहीत नाहीत, मामा.”

“फोनवर तरी सांग.”

मी वहीत ‘फोन’ एवढंच लिहिलं. मामी उठली. “दोन तास झाले तुमचं चाललंय,” ती म्हणाली, “बादली भरून वाहायला लागली,” आणि कडी दोन्ही हातांनी धरून, पाणी सांडू न देता, ती बादली तुळशीकडे घेऊन गेली.