ओल किती?

आईला इंग्लंड दाखवायचं म्हणून कॅरॅव्हॅन घेतोय, असं निखिल लीड्समधल्या सगळ्या ओळखीच्यांना सांगत सुटला होता. आई कुडाळहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. तिला व्हिटबी, स्कारबरो करून पुढे स्कॉटलंडला न्यायचं तर हॉटेलात तिच्या जेवणाचे हाल, आणि रोज दोन खोल्यांचं भाडं खिशाला जड. चूल आपल्या हातात असली की प्रश्नच मिटला. त्याच्या बायकोचं, सायलीचं, म्हणणं एवढंच, की हे वेड निखिलचं स्वतःचं आहे आणि आई हे निमित्त. दोघांचंही खरं होतं.

कॅरॅव्हॅनला इंजिन नसतं. कारच्या मागे जोडायची, ओढत न्यायची आणि मुक्कामाच्या जागी उभी करून तिच्यात राहायचं. नुसत्या हौसेखातर अशी गाडी बांधून घेणारा पहिला माणूस म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतात. नौदलातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांनी 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ बनवून घेतली, दोन घोडे जुंपले आणि ट्वायफर्डहून निघून थेट इन्व्हर्नेस गाठलं. गाडीचं वजन होतं दोन टनांच्या घरात. घोडे असोत की कार, ओढणाऱ्याची ताकद आधी मोजायची असते. निखिलने मात्र सुरुवात केली ती सहाजण झोपतील अशा, चार चाकांच्या, मागे भलामोठा सोफा असलेल्या गाडीपासून.

हिशेब सायलीने मांडला. त्यांच्या कारचं वजन 1500 किलो. नवख्याने ओढायच्या कॅरॅव्हॅनचं भरल्या सामानासकट वजन कारच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, असा तिथल्या जाणत्यांचा सल्ला असतो. म्हणजे 1275 किलो. निखिल म्हणाला, “पण कायदा तर हो म्हणतोय.” तेही खोटं नव्हतं. 16 डिसेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या कारच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. सायली म्हणाली, “परवाना तुझा आहे. चढावर धाप लागणार ती गाडीला.” सहाजणांची गाडी यादीतून गेली.

निखिलच्या ऑफिसातला एक सहकारी या प्रकरणातला मुरलेला. तीन कॅरॅव्हॅन घेतल्या, दोन विकल्या. त्याने निखिलला ओल मोजायचं मीटर उसनं दिलं आणि वर एक मंत्रही दिला. “जुन्या गाडीत कुठे ना कुठे ओल सापडतेच. सापडली की चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, हे स्ट्रक्चरल दिसतंय. पुढचा माणूस आपोआप दोन हजार पौंड खाली येतो.” निखिलला मीटरपेक्षा मंत्र जास्त आवडला.

पहिली गाडी बघायला जावंच लागलं नाही. विकणाऱ्याने घरचा पत्ता द्यायचं टाळलं, मोटरवेवरच्या विसाव्याच्या पार्किंगमध्ये भेटू म्हणाला, आणि फोटोत खिडकीच्या काचेवरचा सतरा अक्षरी क्रमांक खरवडलेला दिसत होता. इथे कॅरॅव्हॅनला कारसारखं सरकारी नोंदणीपुस्तक नसतं. 1992 पासून क्रिस नावाची नोंदणी योजना आहे. तो क्रमांक तिच्याकडे दिला की गाडी चोरीची आहे का, तिच्यावर कर्ज थकलंय का, हे कळतं. क्रमांकच खरवडलेला असेल तर विचारायचं तरी काय?

दुसरी गाडी वेकफिल्डला. सकाळपासून पाऊस लागला होता, म्हणून निखिल बेत पुढे ढकलत होता. सायलीने त्याला बळेच बाहेर काढलं. माझं विचाराल तर जुनी कॅरॅव्हॅन बघायला पावसातच जावं; कोरड्या दिवशी सगळ्याच गाड्या गुणी असतात. गाडी दारात उभी होती आणि देखणी होती. नवाकोरा गालिचा, नवे पडदे, गाद्यांना नवे अभ्रे, ओट्याजवळ प्लगमध्ये खोचलेलं सुगंधाचं यंत्र. किंमत 7,995 पौंड. निखिल दारातच विरघळला.

आई पायऱ्या चढून आत आली, साडीवरचा कार्डिगन सावरला आणि जागच्या जागी थांबली. मग कोणालाही न विचारता पुढच्या खिडकीखालची गादी उचलून तिने नाक खाली नेलं. कोकणात चार महिने कपाटातल्या घड्या उलगडून वास घेण्यात जिचा जन्म गेला, तिला लव्हेंडरचा वास काय अडवणार!

“हय खय तरी पाणी मुरता रे,” ती म्हणाली.

निखिलने मालकाची परवानगी घेऊन मीटर टेकवलं. 38. अंगठ्याने दाबलं तर भिंतीचा पातळ प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. दाराशी गालिच्यावर पाय दिला की खालून कुरकुर ऐकू यायची. मालक म्हणाला, थंडीत खिडक्यांना बाष्प धरतं, त्याचं आहे ते. बाष्प धरतं हे खरंच. पण बाष्पाने भिंत मऊ होत नाही.

या गाड्यांची अंतर्रचना समजून घेतली की एवढ्या घाबरण्याचं कारण कळतं. बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि थर्माकोलसारखा भराव. अलीकडच्या काही गाड्यांत सांगाड्याला लाकूड वापरत नाहीत, पण परवडणाऱ्या जुन्या गाड्यांत ते बहुधा असतंच. पत्र्यांचे सांधे, खिडक्यांच्या कडा, तंबू अडकवायची पट्टी, या सगळ्यांच्या मागे चिकट लांबी भरलेली असते. वर्षांनी ती वाळते, चिरते आणि पाऊस थेंबाथेंबाने आत जातो. बाहेरून पत्रा चकचकीतच राहतो, आत लाकूड कुजत असतं. मीटरवर 15 टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहावं, 20 च्या पुढे कारण शोधावं आणि 30 च्या पुढे बहुतेकदा लाकूड गेलेलंच असतं. त्या माणसाने नेमकं तेवढं झाकण्यापुरतं नवं सामान आणलं होतं. तिघं आभार मानून निघाले.

तिसरी गाडी होती हॉर्नसीला, यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावर. हल आणि भोवतालचा हा टापू कॅरॅव्हॅन बांधणाऱ्यांचाच. शेजारच्या कॉटिंगहॅमची स्विफ्ट कंपनी 1964 पासूनची. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या यजमानांनी अशाच एका कारखान्यात हयात घालवलेली, आणि ते जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडी 2011 ची, चौघांची, भरल्या सामानासकट 1260 किलो. मागितले होते 6,500. अभ्रे विटलेले, एका कपाटाचं दार वाकडं, सुगंध कसलाच नाही.

बाईंनी आधी चहा दिला आणि मग एक फाइल पुढे ठेवली. यजमानांच्या अक्षरात दर वसंतात एक पान. गाडीचा छोटा नकाशा काढून बारा जागी ओलीचे आकडे, खाली ब्रेक, गॅसच्या नळ्या, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा, प्रत्येकापुढे तारीख. टायर कधी घेतले तेही. निखिलने खाली वाकून टायरवरचे चार आकडे वाचले: 1419. म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. फाइलशी जुळलं. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्याउभ्या म्हातारे होतात. पाच वर्षांनी बदलायचा विचार करावा आणि सातच्या पुढे जाऊच नये. शेवटचं पान 2021 चं. पुढची कोरी.

आईने बॅटरी धरली आणि निखिलने त्याच बारा जागा मोजल्या. 12, 13, 12, 14. कपड्यांच्या कपाटात 19. आणि पुढच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली, 24. या वेळी आईच्या नाकालाही काही कळलं नव्हतं. वर तंबूची पट्टी जिथे संपते तिथली लांबी बोटाने ओढली तर भुग्यासारखी हातात आली. तीन वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं.

निखिल बाहेर आला. चेहरा पाडला. “पुढच्या बाजूला ओल सापडली,” तो म्हणाला, “स्ट्रक्चरल दिसतेय.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना तो शब्द चांगलाच माहीत होता. घरात चाळीस वर्षं ऐकलेला. फाइल उगाच उघडली, मिटली. “ते असते तर असं झालं नसतं,” म्हणाल्या. आणि मग, “मला यातलं कळत नाही, लव्ह. तुम्हीच सांगा, मी किती मागायला हवेत?”

मंत्र फळला होता. सहकाऱ्याने सांगितलं त्याहून चांगला फळला होता, कारण आता आकडाही निखिलनेच सांगायचा होता. साडेचार हजार म्हटलं असतं तरी बाई हो म्हणाल्या असत्या. मला वाटतं, चार हजारांनाही.

आईला इंग्रजी समजत नव्हतं, पण बाईंचा चेहरा दिसत होता. तिने विचारलं, “काय सांगलंस तिका?”

“ओल आसा म्हणान सांगलंय.”

“नुसती ओल आसा म्हणान सांगलंस, की किती आसा ताय सांगलंस?”

निखिल काही बोलला नाही. सायलीही बोलली नाही. ती हातातलं मीटर त्याच्यापुढे धरून उभी राहिली.

मग त्याने बाईंना आत नेलं. वाकायला त्रास होत होता म्हणून गादीवर बसवलं, त्यांच्यासमोर मीटर टेकवलं, आकडा दाखवला. 24 म्हणजे काय आणि 38 म्हणजे काय ते सांगितलं. भिंत अंगठ्याने दाबून दाखवली, टणक होती. पाणी वरच्या पट्टीतून येतंय, पट्टी काढून जुनी लांबी खरवडायची, नवी भरायची, आतली बाजू वाळू द्यायची, एवढंच काम दिसतंय, असंही म्हणाला. स्ट्रक्चरल हा शब्द मात्र त्याने परत घेतला तो घाईघाईत, पुटपुटत.

बाईंनी फोन लावला. अर्ध्या तासात यजमानांचे कारखान्यातले जुने सोबती सायकलवरून आले, स्वतःचं मीटर घेऊन. त्यांचं 23 दाखवत होतं. “तुमचं मीटर जरा घाबरट आहे,” ते निखिलला म्हणाले. पट्टी, कोपरा, कपाटाची मागची बाजू सगळं चाचपलं आणि सांगितलं, सामान-मजुरी धरून साडेचारशे पौंड, उन्हाळा संपायच्या आत करून घ्या, एक हिवाळा गेला तर गोष्ट वेगळी.

“मग साडेचारशे कमी,” बाई म्हणाल्या.

“आणि टायर?” निखिलने चाचरत विचारलं. हॉर्नसीला येईपर्यंत त्याला टायरांचेही दोनशे पाडायचे होते.

“टायरांचं वय मी जाहिरातीतच लिहिलं होतं, लव्ह. ते वाचून तुम्ही आलात.” बाईंचा आवाज आता ताळ्यावर आला होता. 6,050 वर एक पौंड इकडे की तिकडे व्हायचा नव्हता. यॉर्कशरची माणसं पैशाला किती चिवट, याचे किस्से निखिलने ऐकले होते. आज अनुभव आला.

पुढचं सगळं रीतसर झालं. नोंदणीचा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे बाईंनाच जास्त ठाऊक होतं. त्यांनी 2011 ची मूळ खरेदीची पावतीही काढून दिली. निखिलने क्रमांक क्रिसकडे तपासून घेतला, मग पैसे बँकेतून पाठवले. दुरुस्तीचे दिवस ठरले. हे सगळं होईपर्यंत गाडी जोडायची कशी हे बाईंनी स्वतः उभं राहून शिकवलं. हुकवरची खूण हिरवी दिसेपर्यंत विश्वास ठेवायचा नाही. कडी सुटलीच तर ब्रेक लावणारी ती लाल तार आधी अडकवायची, दिवे मागाहून. मोटरवेवर साठ मैलांच्या वर जायचं नाही, आणि तीन लेन असतील तर उजवीकडच्या शेवटच्या लेनमध्ये शिरायचंच नाही. पाण्याचं पिंप, सांडपाण्याची टाकी, तंबू, अॅल्युमिनियमची दोन पातेली, हे सगळं त्यांनी फुकट गाडीत ठेवलं. आईने पातेली वाजवून पाहिली आणि बांगडे कुठे मिळतात ते विचारायला लावलं. बाईंनी स्कारबरोच्या बंदराचं नाव सांगितलं आणि तळताना छताची खिडकी उघडायला बजावलं.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचा संध्याकाळी फोन यायचा तो आलाच. “किती पाडलेस?”

“साडेचारशे.”

“एवढेच? ओल नव्हती?”

“होती.”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने मीटर कधी परत देतोस, असं विचारलं.

पण हे संध्याकाळचं झालं. निघण्याआधी बाईंनी फाइल उघडून पहिलं कोरं पान निखिलपुढे सरकवलं होतं. आता गाडी तुमची, नोंदही तुम्हीच करा, म्हणाल्या. उद्या ही गाडी त्याच्याकडून जो घेईल तो हे पान वाचणार, हे निखिलच्या लगेच लक्षात आलं. त्याने तारीख घातली, जमेल तसा नकाशा काढला. बारा, तेरा, बारा, चौदा. पुढचा डावा कोपरा: 24, लांबी वाळलेली, दुरुस्ती ठरली. खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

आई त्याच्या खांद्यावरून बघत होती. इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते, आणि बॅटरी तिनेच धरली होती.

“कपाटातलो एकोणीस खय गेलो?” ती म्हणाली. “तोय लिव.”