मळ कोणता, चित्र कोणते?



सण जवळ आला की आपण चर्चच्या साफसफाईला लागतो. जाळ्या काढतो, बाके पुसतो, पितळी वस्तू घासून लख्ख करतो. जितके जोराने घासावे तितके स्वच्छ होते, असे आपण धरून चालतो. पण काही चर्चमध्ये एक वस्तू अशी असते की तिच्यापुढे हा नियम चालत नाही. ती म्हणजे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काचांची खिडकी. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये अशा जुन्या खिडक्या आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील.

ही खिडकी म्हणजे एक सलग काच नव्हे. काचेचे अनेक लहान तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवतात, सांधे झाळतात आणि फटीत पुट्टी भरतात. काच मुळातच रंगीत असते. पण संतांचे डोळे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या चित्रकार काळपट-तपकिरी रंगाने काढतो. धातूची भस्मे आणि काचेची पूड यांचा हा रंग भट्टीत भाजून काचेवर पक्का करतात.

अशा खिडक्या स्वच्छ करणारा जाणकार कामगार आधी पाण्याची बादली आणत नाही. तो आधी पाहतो. आतून पाहतो, बाहेरून पाहतो, उजेड तिरका पडला की पुन्हा पाहतो. मग मऊ कुंचल्याने कोरडी धूळ झटकतो. नंतर शुद्ध पाण्यात किंचित भिजवलेला कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर फिरवतो आणि बोळ्याला काय लागले ते तपासतो. दुकानातली अमोनियाची औषधे तो वापरत नाही. पाण्याचा जोराचा फवारा मारत नाही, कारण पुट्टी निघते. हाताचा भार देत नाही, कारण शिसे मऊ असते आणि जुनी खिडकी आधीच फुगलेली असते.

एवढी भीती कशाची? एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक खिडक्यांवरचा रंग नीट भाजला गेला नव्हता. तो नुसत्या पुसण्याने निघतो. शिवाय चित्रकाराने दिलेली छाया आणि वर्षानुवर्षांची काजळी दिसायला सारखीच. उत्साही माणूस घासत जातो, काच चकचकीत होते, आणि संताचा चेहरा नाहीसा होतो. तो पुन्हा आणता येत नाही.

आम्ही हे शिकलो ते खिडकीवर नव्हे. आमच्या घरी आजीच्या वेळची मारियामातेची लहान मूर्ती होती. मेणबत्तीच्या धुराने ती काळवंडली होती. एका नाताळाआधी आम्ही ती भांड्यांच्या पावडरीने घासली. धूर गेला, डोळेही गेले. आजी रागावली नाही. मूर्ती हातात घेऊन एवढेच म्हणाली, “आता ती माझ्याकडे बघत नाही रे.” ते वाक्य आजही आमच्या मनातून जात नाही.

माणसांच्या बाबतीतही आपण असेच वागतो, नाही का? मुलाचा अबोलपणा, सुनेची वेगळी रीत, खूप वर्षांनी मिस्साला आलेल्या तरुणाचे कपडे; आपल्याला सगळा मळच दिसतो. आपण चारचौघांत घासायला बसतो. त्यात त्याचा स्वाभिमान गेला, पुन्हा चर्चची पायरी चढण्याची इच्छा गेली, तर ती कोण परत आणणार? शेतातले निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून प्रभू येशूच्या दाखल्यातला धनी नोकरांना थांबवतो, ते उगाच नव्हे.

कोणी विचारील, मग मळ तसाच ठेवायचा काय? नाही. काजळी आणि पक्ष्यांची घाण साचू दिली तर उजेड अडतो, काचही खराब होते. घरात दारू, मारहाण, लबाडी चालली असेल तर गप्प बसणे हा संयम नव्हे; तो मार खाणाऱ्यावर आणखी एक अन्याय आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या बाराव्या शतकातील खिडक्या १९७० च्या दशकात स्वच्छ केल्या, तेव्हा जुनी गूढ निळाई गेली म्हणून लोकांनी ओरड केली. त्यांना आवडणाऱ्या त्या काळोखात शतकांचा मळही होता. मळावरही आपला जीव जडतो. स्वतःच्या मळावर तर फारच.

म्हणून जाणकार कामगार स्वच्छता सोडत नाही, घाई सोडतो. जिथे शंका येते तिथे हात थांबवतो. आणि सर्वात आधी खिडकीच्या आत उभा राहतो, कारण बाहेरून पाहिले तर सर्वात सुंदर खिडकीही काळीच दिसते.

या आठवड्यात कोणाला चार शब्द सुनवायचे आपल्या मनात असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन थोडा वेळ बसूया. त्याच्या आतून उजेड कसा दिसतो ते पाहूया. बोळा भिजवायचा की नाही, ते मग ठरवूया.