भागीदारीचा गौरव कशासाठी?

एखाद्या पोलीस ठाण्याने व्यापाऱ्यांकडून कॅमेऱ्यांसाठी वर्गणी गोळा करावी, सणापूर्वी शांतता समितीची बैठक भरवावी आणि तेवढ्या भांडवलावर लोकसहभागाचे सन्मानचिन्ह मिळवावे, ही रीत आता रूढ झाली आहे. कोणता गुन्हा, कोठे आणि कशामुळे कमी झाला, याचा उल्लेख अशा गौरवपत्रात क्वचितच सापडतो. ज्या विचारपरंपरेचा हवाला यासाठी दिला जातो, तिची सुरुवात मात्र नेमक्या याच प्रश्नापासून झाली होती.

पोलीस आणि जनता एकच, हे लंडनचे पोलीस दल उभारणारे रॉबर्ट पील यांच्या नावावर चढलेले तत्त्व (ते त्यांनी स्वतः लिहिल्याचा पुरावा नाही, हा भाग निराळा) सर्वपरिचित आहे. खरे वळण 1979 मध्ये अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांच्या लेखाने दिले. वेळापत्रक सांभाळायचे तर थांब्यावर प्रवासी घेता येत नाहीत, असे सांगणाऱ्या बससेवेचा दाखला देऊन, गस्त आणि अटका मोजण्यात गुंतलेली पोलीस यंत्रणा आपले साध्यच विसरली आहे, असे त्यांनी दाखवले. सुट्या घटनेऐवजी एकाच कारणातून पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या घटनांचा समूह, म्हणजे ‘समस्या’, हे कामाचे एकक असावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे जॉन एक आणि विल्यम स्पेलमन या संशोधकांनी अमेरिकेतील न्यूपोर्ट न्यूज शहरातील प्रयोगातून त्याला शोध, विश्लेषण, उपाय आणि मूल्यमापन अशा चार टप्प्यांची चौकट दिली.

या परंपरेतील सर्वाधिक गैरसमज मात्र इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीविषयी आहे. नगरपालिकेच्या मालकीच्या घरांच्या या वसाहतीत 1980च्या दशकात घरफोड्या कमी झाल्या, त्या शेजाऱ्यांच्या जागरूकतेमुळे, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः संशोधकांनी आधी घरफोडी झालेल्या कुटुंबांशी, त्यांच्या शेजाऱ्यांशी आणि खुद्द घरफोडी करणाऱ्यांशीही बोलून दोन गोष्टी हेरल्या होत्या: एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा संभव इतर घरांपेक्षा कितीतरी अधिक होता, आणि नाणी टाकून चालणाऱ्या वीज व गॅस मीटरमधील रोकड हे चोरांचे हमखास लक्ष्य होते. मीटर बदलणे पोलिसांच्या हाती नव्हते, म्हणून वीजमंडळ आले. कड्या-कुलपे बदलणे घरमालकाचे काम, म्हणून नगरपालिका आली. आणि शेजाऱ्यांचा पहारा सबंध वसाहतीवर न नेमता नुकत्याच फोडलेल्या घराभोवतीच्या मोजक्या घरांपुरता आखला गेला. भागीदार कोण, हे निदानाने ठरवले; भागीदारांना जमवून नंतर त्यांच्यासाठी काम शोधले गेले नाही. हा क्रम नजरेआड केला की कर्कहोल्टमधून केवळ शेजारधर्माची महती उरते.

1998च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलीस व स्थानिक प्रशासन यांची भागीदारी सक्तीची केली. स्थानिक गुन्ह्यांचा आढावा घेण्याचे बंधनही त्यात होते, तरी क्रम उलटण्यास येथेच वाव मिळाला, कारण निदान होवो न होवो, समिती अस्तित्वात येणारच होती. लगेच 1999 मध्ये, समस्या सोडवणाऱ्या प्रकल्पांच्या गौरवासाठी, गुन्हेशास्त्राचे अभ्यासक निक टिली यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि त्यातील प्रवेशिका त्याच चार टप्प्यांवर तपासल्या जाऊ लागल्या. स्वतः टिली यांनी टिम रीड यांच्यासह 2000 मध्ये ब्रिटिश पोलीस दलांतील अशा कामाचा आढावा घेतला, तेव्हा उपायांची वाण नव्हती. कच्चे होते ते विश्लेषण आणि मूल्यमापन.