दोन जावा आणि एक चौथरा

शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर दोन जावांचं एक दुकान होतं. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांचे हार, काळे उडीद, काळं कापड, घोड्याचे नाल. थोरली साठीच्या पुढची, धाकटी चाळिशीतली. बोधकथेतल्या माणसांना नावं नसतात, म्हणून यांनाही नाहीत. गाव आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

देवाची शिळा उघड्यावर, चौथऱ्यावर. पुरुष अंघोळ करून ओलेत्याने वर जात, बाया खालूनच हात जोडत. थोरलीला यात कधी वावगं वाटलं नाही. धाकटीला आल्यापासून खटकत होतं. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांनी या प्रश्नावर आंदोलन केलं, तेव्हा ही नवी सून. सासरी तोंड उघडायची सोय नव्हती.

नोव्हेंबर २०१५मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि नंतर शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी केली गेली. त्या दिवशी मात्र धाकटी बोललीच.

“अक्का, बाटलीत तेल आपण भरतो. ते देवाला चालतं. आपणच तेवढ्या चालत नाही?”

“तेल वर जातं देवासाठी,” थोरली म्हणाली. “आपण जाणार ते आपल्या हौसेसाठी.”

दोघींचं बोलणं आपापल्या जागी बिनतोड, म्हणून वाद मिटेना.

बाहेर तर त्याहून मोठा गलका. जानेवारी २०१६मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक बाई निवडून आली. चौथऱ्यावर मात्र बाईला बंदी कायम. त्याच महिन्यात बायांना वर जाऊ द्या म्हणत निघालेला तृप्ती देसाईंचा मोर्चा पोलिसांनी सुप्याजवळ अडवला. मग श्री श्री रविशंकर मध्यस्थीला आले. त्यांनी तोडगा असा सुचवला, की पुजाऱ्यांशिवाय कुणीच वर जायचं नाही, बाई नाही आणि बुवाही नाही. थोरलीला तो पटला, धाकटीला नाही. मलाही तो लंगडाच वाटतो. एकाच्या ताटात भाकरी नाही म्हणून दुसऱ्याचंही ताट काढून घेतलं, तर पंगत सारखी होते खरी, पण जेवतं कोण?

विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिलला उच्च न्यायालयाने १९५६च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यावर बोट ठेवलं: जिथे पुरुषाला जाता येतं, तिथे बाईला अडवता येणार नाही. देवस्थानाने मग पुरुषांनाही वर जाणं बंद केलं. पण ८ एप्रिलला गुढीपाडवा आला. प्रवरासंगमाचं पाणी आणून पाडव्याला देवाला स्नान घालायची जुनी रीत. गावकरी बंदी झुगारून पाणी घेऊन चौथऱ्यावर चढले. पुरुष चढल्यावर बाईला अडवायला कायद्याने तोंड उरलं नाही, आणि त्याच दिवशी देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला. रीत राखायला चढलेल्यांनीच नव्याला वाट करून दिली!

कोर्टाचं काम तिथे संपलं. दुकानातलं तिथे सुरू झालं.

पुढच्या शनिवारी धाकटी वर जाऊन आली. थोरली तिच्याशी बोलेना. गिऱ्हाईक बाया विचारत, “वर गेलेलं चालतं का हो?” थोरली म्हणे, “पाप लागतं.” धाकटी म्हणे, “असलं अडाण्यासारखं काही मनात आणू नका.” बाया एकीकडून दुसरीकडे बघत आणि शेजारच्या दुकानातून तेल घेत. महिनाभरात गल्ला निम्म्यावर आला.

एका रात्री हिशेब करताना थोरलीच म्हणाली, “तू जा. तुला अडवणार नाही. पण मला अडाणी म्हणायचं नाही.”

धाकटीने जरा वेळ घेतला. “नाही म्हणणार. आणि तुम्ही गिऱ्हाइकाला पापाचं भय घालायचं नाही.”

मत दोघींपैकी एकीनेही बदललं नाही. धाकटीने हक्क सोडला नाही, थोरलीने श्रद्धा सोडली नाही. दोघींनी एकेक शब्द तेवढा गिळला. ऐकायला हे सोपं वाटतं. ज्यांनी असा शब्द गिळून बघितलाय, त्यांना तो घशात किती दिवस अडकून राहतो ते ठाऊक असेल.

परीक्षाही झाली. भावकीतली चार माणसं थोरलीकडे आली, “बायांना अडवायला तुम्ही पुढं व्हा, बाईमाणूस बोललं की वजन पडतं.” थोरली म्हणाली, “मी जात नाही, ते माझं. दुसरीचा पाय धरायला मी कोण?” पुढे शहरातून आलेल्या उत्साही मुलींनी धाकटीला गळ घातली, की सासूच्या जागी असलेल्या जावेला वर आणा, फोटो छान येईल. धाकटीने त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि अक्कांना हात लावू दिला नाही. “त्यांना न जाण्याचाही हक्क आहे ना?” एवढंच विचारलं. मुली चहा पिऊन निघून गेल्या.

शनिअमावस्येच्या गर्दीत एक बाई लेकीला घेऊन दुकानाशी थांबली. “वर जाता येतं का हो मावशी?”

“येतं,” थोरली हार गुंडाळता गुंडाळता म्हणाली. “जायचं का नाही ते तुमच्या मनावर.”

“तुम्ही गेलात?”

“मी नाही जात. ही जाते. वर कसं काय असतं ते तिला विचारा.”

“तेल सांडलेलं असतं,” धाकटी म्हणाली. “पोरीचा हात धरा. आणि पायातलं इथंच काढून ठेवा, अक्का बघतील.”