सपाट छतावरचा घुमट

ज्या वास्तूत सत्याची उपासना करावयाची, तिच्याच छतावर डोळ्यांना चकवणारे चित्र रंगवणे धर्माला मान्य होऊ शकते काय, हा प्रश्न सतराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये ज्या चित्रकाराच्या कामामुळे फार टोकदार झाला, तो आंद्रेआ पोत्सो (१६४२–१७०९) स्वतः व्रतस्थ होता. त्रेंतो येथे जन्मलेल्या पोत्सोने १६६५ मध्ये जेझुइट संघात, म्हणजे संत इग्नेशियसने स्थापन केलेल्या येशूसंघात, प्रवेश केला. मात्र धर्मगुरूची दीक्षा न घेता तो अखेरपर्यंत ‘ब्रदर’ म्हणूनच राहिला. संघाच्या ‘कोलेजिओ रोमानो’ या विद्यापीठाला लागून असलेल्या संत इग्नेशियसच्या चर्चचे बांधकाम १६२६ मध्ये सुरू झाले होते आणि आराखड्यात घुमट असूनही तो प्रत्यक्षात कधीच उभा राहिला नव्हता. पोत्सोने १६८५ मध्ये सुमारे सतरा मीटर व्यासाच्या सपाट कॅनव्हासवर घुमटाचे अंतरंग रंगवले आणि तो कॅनव्हास घुमटाच्या रिकाम्या जागी आडवा बसवला. त्यानंतर त्याने मुख्य दालनाचे अर्धवर्तुळाकार छत हाती घेतले. १६९४ मध्ये पूर्ण झालेल्या या भित्तिचित्रात चर्चच्या खऱ्या भिंती जेथे संपतात तेथूनच रंगवलेले खांब आणि कमानी वर चढू लागतात, त्यांच्या माथ्यावर आकाश उघडते आणि त्या आकाशात संत इग्नेशियस देवाकडे नेला जाताना दिसतो.

यामागील तंत्र समजून घेतल्याशिवाय त्यातून उद्भवणारा तात्त्विक प्रश्न नीट मांडता येत नाही. यथार्थदर्शन म्हणजे एका ठरावीक बिंदूवर डोळा ठेवला असता वस्तू जशी दिसेल तशी ती पृष्ठभागावर उतरवण्याची भूमितीय पद्धत होय. पृष्ठभाग सपाट असेल तर हे काम तुलनेने सोपे असते. वक्र छतावर मात्र सरळ रेषाही वाकडी काढावी लागते, तेव्हाच ती खालून सरळ दिसते. पोत्सोने आपल्या यथार्थदर्शनावरील ग्रंथात (दोन खंड, १६९३ आणि १७००) यासाठी सांगितलेला उपाय असा आहे. मूळ आराखड्यावर चौकोनांची जाळी आखायची, छताची कमान जेथून सुरू होते त्या उंचीवर तशीच दोऱ्यांची जाळी आडवी ताणायची आणि प्रेक्षकाचा डोळा जेथे असणार त्या बिंदूवर दिवा ठेवून दोऱ्यांच्या सावल्या छतावर पाडायच्या. छत फार उंच असल्यामुळे दिव्याची सावली पुरेशी स्पष्ट पडत नसेल, तर त्याच बिंदूपासून दोरी ताणून, जाळीतील गाठींमधून नेऊन, छतावरच्या खुणा निश्चित करायच्या. अशा रीतीने छतावर उमटणारे चौकोन वेडेवाकडे आणि असमान असतात, पण आराखड्यातील प्रत्येक चौकोनातला मजकूर त्या वेड्यावाकड्या चौकोनात रंगवला की खाली उभ्या असलेल्या माणसाला सारे प्रमाणबद्ध दिसते. थोडक्यात, रंग लागण्याआधी या छतावर प्रकाशाने एक प्रतिमा प्रक्षेपित झालेली असते, निदान तत्त्वतः तरी. आज इमारतींच्या दर्शनी भागांवर प्रोजेक्टरने जे खेळ दाखवले जातात त्यांचे गणित याहून मुळात वेगळे नाही. पोत्सो रोमला येण्यापूर्वी याच विद्यापीठात अथानासिउस किर्खर हा जेझुइट विद्वान होऊन गेला होता आणि प्रकाश व छाया यांवरील त्याच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत, ज्वाळांत होरपळणारा आत्मा भिंतीवर दाखवणाऱ्या जादूच्या कंदिलाचे चित्र छापलेले आहे, ही गोष्टही येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अशा कलेवरील आक्षेप जुना आहे. प्लेटोने ‘सोफिस्ट’ या संवादात प्रतिमा करण्याच्या दोन कला वेगळ्या केल्या आहेत: मूळ वस्तूची प्रमाणे जशीच्या तशी राखणारी एक, आणि पाहणाऱ्याच्या जागेचा विचार करून ती प्रमाणे मुद्दाम बदलणारी दुसरी. उंच पुतळ्याचा वरचा भाग खालून लहान दिसू नये म्हणून शिल्पकार तो मोठा घडवतो, म्हणजे तो सत्याला सोडून दिसण्याच्या मागे लागतो, हा त्याचा ठपका पोत्सोच्या छताला तंतोतंत लागू पडतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र या ठपक्याला उत्तर देण्याची सोय संत ऑगस्टीनने फार आधीच करून ठेवली होती. ‘सोलिलोक्विया’ या आरंभीच्या ग्रंथात तो म्हणतो की चित्रातला घोडा खोटा घोडा असल्याशिवाय ते खरे चित्र होऊच शकत नाही. म्हणून फसवण्याचा हेतू बाळगणारे असत्य आणि आपल्या स्वभावानेच आभास असणारे असत्य यांत भेद केला पाहिजे. या भेदाच्या आधारे पाहिले तर पोत्सोचा घुमट खोटा असल्यामुळेच खरे चित्र ठरतो.

पोत्सोच्या समकालीनांचा आक्षेप मात्र इतका सूक्ष्म नव्हता. चित्र एकाच जागेवरून नीट दिसते आणि इतर जागांवरून कोसळल्यासारखे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. तिला पोत्सोचे उत्तर असे की यथार्थदर्शन ही सत्याची कल्पित रचना आहे आणि ती सर्व बाजूंनी खरी भासवण्याचे बंधन चित्रकारावर नसते. काही वास्तुविशारदांनी तर रंगवलेले खांब भिंतीतून पुढे आलेल्या ब्रॅकेटांवर टेकवल्याबद्दल नापसंती दाखवली, कारण प्रत्यक्ष बांधकामात असे कोणी करत नाही. ते ब्रॅकेट मोडून खांब पडलेच तर दुरुस्तीचा खर्च आपण देऊ, असे पोत्सोच्या एका मित्राने त्यांना परस्पर कळवले आणि पोत्सोने हा किस्सा ग्रंथात आनंदाने नोंदवून ठेवला आहे. व्रतस्थ माणसाच्या अंगी असलेला हा खट्याळपणा वाचकाने नजरेआड करू नये.

चर्चच्या फरशीत बसवलेली संगमरवरी चकती हे या वास्तूतील सर्वांत विचार करण्याजोगे वैशिष्ट्य आहे. कोठे उभे राहिले असता छत उघडेल हे ती चकती सांगते, आणि तेवढ्यानेच चार पावले बाजूला गेल्यास काय होईल हेही सुचवते. मुख्य दालनासाठी एक चकती आहे, तर घुमटासाठी वेगळी. फसवणूक करू पाहणारा आपली युक्ती जेथे उघडी पडते ती सीमा अशी दगडात कोरून ठेवत नाही.

येथे वेदान्ताने केलेले भ्रमाचे विश्लेषण उपयोगी पडते. एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे धर्म आरोपित होणे याला शंकराचार्य ‘अध्यास’ म्हणतात आणि ज्या आधारावर हा आरोप होतो त्याला ‘अधिष्ठान’. पुढील आचार्यांनी भ्रमाचे दोन प्रकार मानले. दोरीवर दिसणारा साप हा निरुपाधिक भ्रम. दोरी ओळखली की साप दिसणे थांबते. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो हा सोपाधिक भ्रम. स्फटिक पांढरा आहे हे पक्के माहीत झाले तरी फूल, म्हणजे उपाधी, जवळ असेपर्यंत तांबडेपणा दिसतच राहतो. पोत्सोचा घुमट या दुसऱ्या वर्गात पडतो. चकतीवर उभ्या असलेल्या माणसाला वर कॅनव्हासच आहे असे कितीही वेळा सांगितले तरी घुमट सपाट होत नाही, आणि बाजूला सरकल्यावर तो विस्कटतो तेव्हाही त्या माणसाच्या ज्ञानात नवी भर पडलेली नसते. उपाधी येथे वस्तूजवळ नाही. ती पाहणाऱ्याच्या पायाखाली आहे. ज्ञान झाल्यानंतरही दिसणे चालू राहते पण त्याला सत्य मानणे संपते, ही जी अवस्था वेदान्त्यांनी जीवन्मुक्ताच्या संदर्भात वर्णिली आहे, तिचा इतका साधा आणि सर्वांना खुला असलेला नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’तील चित्रदीप प्रकरण तर या कॅनव्हासलाच उद्देशून लिहिल्यासारखे वाटते. चित्रातल्या माणसांच्या अंगावर रंगवलेली वस्त्रे ज्या खऱ्या वस्त्रावर चित्र काढले आहे त्याच्याच जातीची भासतात, असा दृष्टांत तेथे येतो. रोममध्ये रंगवलेले खांब खऱ्या खांबांच्या पंक्तीत येऊन बसतात तेही असेच. तथापि साम्य येथेच थांबते, आणि ते ओढून पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. अद्वैत्याचे लक्ष अखेर वस्त्राकडे, म्हणजे अधिष्ठानाकडे, वळते. पोत्सोला कॅनव्हासमध्ये काहीही स्वारस्य नाही. त्याच्या दृष्टीने आभास ही ओलांडायची अडचण नसून वर नेणारी शिडी आहे आणि चित्रातील सर्व रेषा जेथे मिळतात तो बिंदू ईश्वराचा महिमा मानावा, असे तो वाचकाला सांगतो. संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ मध्ये छापलेल्या ग्रंथात ध्यानाच्या आरंभी प्रसंगाचे स्थळ मनःचक्षूंपुढे रचण्याची शिस्त घालून दिली आहे. पोत्सोने तीच रचना मनाबाहेर, गिलाव्यावर केली, असे म्हणता येते.

परंतु ईश्वराचा महिमा एका बिंदूत बसवता येतो काय? निकोलस कुझानुस या पंधराव्या शतकातील कार्डिनलने १४५३ मध्ये टेगर्नझे येथील मठवासीयांना ‘ईश्वराचे दर्शन’ या ग्रंथासोबत एक चित्र पाठवले होते, ज्यातील चेहरा कोठूनही पाहिले तरी पाहणाऱ्याकडेच पाहत आहे असे वाटते. एका साधूने पूर्वेकडून आणि दुसऱ्याने पश्चिमेकडून चालत यावे, दोघांनी एकमेकांना विचारावे, आणि नजर दोघांबरोबर एकाच वेळी चालत होती हे ऐकून दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा प्रयोग त्याने सुचवला. येथे पाहणाऱ्याला कोणतीही जागा नेमून दिलेली नाही, आणि दुसऱ्याच्या साक्षीवाचून सत्य पुरे होत नाही. ईश्वरविचार म्हणून कुझानुसचे चित्र पोत्सोच्या छताहून सखोल आहे, असेच म्हटले पाहिजे.

या उणिवेचा परिणाम छतावरच दिसतो. देवपित्यापासून निघालेला प्रकाश ख्रिस्ताकडे, ख्रिस्ताकडून इग्नेशियसकडे आणि त्याच्याकडून चार खंडांकडे जातो; उंटासह बसलेला आशिया त्यांपैकी एक आहे. प्रकाश घेण्यापलीकडे त्याला काही काम दिलेले नाही, आणि रोममधील चकतीखेरीज जगाला पाहण्याची दुसरी जागा असू शकते ही शक्यता चित्राच्या भूमितीतच शिल्लक राहत नाही. दृष्टिभ्रमाच्या बाबतीत संपूर्ण प्रामाणिक असलेले हे छत इतिहासाच्या बाबतीत तसे नाही. त्याच संघातील थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या पाद्रीने गोव्यातील साष्टी भागात राहून मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. काही दशकांपूर्वी जेथे देवळे पाडली गेली होती त्याच प्रदेशात हे घडल्यामुळे त्याला निर्मळ संवाद म्हणता येणार नाही. तरीही कथा ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन सांगण्याची तयारी त्यात होती. ती तयारी राज्यकर्त्यांपाशी नव्हती. पोत्सोचा कॅनव्हास रोममध्ये वर चढण्याच्या आदल्या वर्षी, १६८४ मध्ये, गोव्यातील स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीजचाच वापर करावा, असा हुकूम पोर्तुगीज व्हाइसरॉयने काढला होता.