जागरण आणि शेजाऱ्याचे मुख



एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागू लागला, हे १ राजे १९ व्या अध्यायात आपण पुष्कळदा वाचले आहे. तेव्हा देवाने त्यास प्रथम काय दिले? बोध केला नाही, दोषही दिला नाही. त्यास झोपू दिले. दूताने उठवून भाकर व पाणी दिले, आणि तो पुन्हा झोपला. पुढे होरेब डोंगरावरही आपण एकटेच उरलो, असे त्याचे गाऱ्हाणे होते. इस्राएलात विश्वासू राहिलेले सात हजार जण त्यास दिसलेच नव्हते. एवढा थकवा एका झोपेने जात नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे.

थकलेल्या मनुष्यास आपली माणसे नीट दिसत नाहीत, याविषयी अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील बर्कले येथील विद्यापीठात शोध झाला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ तरुण स्त्रीपुरुषांस ७० चेहरे दाखविले. काही स्नेहाळ, काही धमकावणारे, काही मधले. एकदा पुरती झोप झाल्यावर व एकदा २४ तास जागल्यावर. जागरणानंतर त्यांस साधे व स्नेहाचे चेहरेही धमकीचे वाटले. त्याच विद्यापीठातील शोधकांनी २०२२ साली आणखी एक गोष्ट दाखविली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूत घड्याळ एक तास पुढे करितात, तेणेकरून लोकांची झोप बुडते. त्या दिवसांत धर्मादाय देणग्या सुमारे १० टक्के घटल्या. जेथे घड्याळ बदलत नाहीत, तेथे घट आढळली नाही. एका तासाच्या झोपेने हात आखडावा, हे वाचून मी तरी चकित झालो.

कित्येक उपदेशक आपण किती थोडे झोपतो, हे अभिमानाने सांगतात. मला त्याचे कौतुक वाटत नाही. परंतु रात्री वीज येते म्हणून पिकास पाणी द्यावयास जागणारा शेतकरी, अथवा तापाने फणफणलेल्या लेकराची आई, यांनी काय करावे? त्यांस झोपा म्हणणे सोपे आहे. मंडळीने आजाऱ्याजवळ बसावयाच्या पाळ्या लावाव्या, म्हणजे त्या आईचा डोळा घटकाभर लागेल. आणि जो जागला आहे, त्याने त्या दिवशी कोणाच्या मनाविषयी निकाल करू नये. भांडणाचा न्याय तर मुळीच करू नये.

हे मी ठेच लागून शिकलो. दोन रात्री एका आजाऱ्याच्या उशाशी बसून तिसऱ्या सकाळी मी एका विधवा बहिणीच्या घरी गेलो. ती पदर तोंडास लावून बसली, बोलेना. ही मजवर रागावली आहे, असे मला वाटले, व मी तुटक प्रार्थना करून निघालो. रात्री झोप झाली, तेव्हा ते मुख पुन्हा डोळ्यांपुढे आले. सकाळी मी परत गेलो. तिचा मुलगा चार दिवस घरी आला नव्हता, व ते कोणास सांगावयाचा तिला धीर होत नव्हता. आम्ही दोघे मिळून त्यास शोधावयास निघालो.